तेंदूच्या फळीवर हिशेब कोण लिहितं?

नेट-सेटच्या धावपळीतून सुटून पीएचडीसाठी विषय शोधणारे ज्युनियर मला आपले आराखडे वाचायला पाठवतात. त्यांत एक शीर्षक थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येतं: ‘ग्रामीण युवक, शाश्वत वन-उपजीविका आणि सामुदायिक नेतृत्व’. विषय चांगलाच आहे. पण आराखडा उघडला की आत काय असतं? तरुणांना प्रशिक्षण द्यावं, जनजागृती करावी, मग ते पुढे येतील, जंगल टिकेल आणि स्थलांतर थांबेल. आणि हे तपासणार कसं? शंभर-दीडशे जणांकडून एक प्रश्नावली भरून घेऊन.

तुमच्याही डोक्यात असा विषय घोळत असेल तर आजची पोस्ट तुमच्यासाठी. मी मूळची वनस्पतीशास्त्राची. एम.एस्सी.पर्यंत माझ्यासाठी जंगल म्हणजे प्रजातींची यादी होती. आता पूर्व विदर्भातल्या जंगलांवर काम करते, तेव्हा उदाहरणंही तिथलीच देते. ‘सहभाग’ हा शब्द हवेत तरंगत राहतो असं वाटत असेल, तर गडचिरोलीत तो जमिनीवर कसा उतरवता येतो ते बघू.

आधी थोडा कायदा. हा भाग टाळून या विषयावर काहीच लिहिता येत नाही, आणि विज्ञान शाखेतले आपण नेमका हाच भाग टाळतो. 2006 च्या वनहक्क कायद्याने दोन वेगळ्या गोष्टी दिल्या. एक, कसत असलेल्या वनजमिनीवरचा वैयक्तिक हक्क. दुसरी, गावाने मिळून वापरलेल्या आणि राखलेल्या जंगलावरचा सामूहिक हक्क. या दुसऱ्या भागात गौण वनोपजाची मालकी येते आणि कायद्याच्या व्याख्येत बांबू, तेंदूपान, मध, लाख, औषधी वनस्पती, कंदमुळं ही सगळी गौण वनोपजं आहेत. त्यासोबत त्या जंगलाचं रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्कही ग्रामसभेकडे येतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर असा हक्क 2009 साली मिळाला. तरी बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचाच, यावरून पुढे ताणाताणी झाली. शेवटी 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. 2012 मध्ये नियमच दुरुस्त झाले आणि परवाना देण्याचं काम ग्रामसभेच्या समितीचं झालं. आज एकट्या गडचिरोली जिल्ह्यात एक हजाराहून जास्त गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत.

आता यातून संशोधकाने काय उचलायचं? हक्क मिळाला म्हणजे गावाला जंगल मिळालं, इतकंच आपण वाचतो. प्रत्यक्षात त्यासोबत कामांचा एक ढीगही गावात येऊन पडला. आधी वनखात्यातला कारकून, कंत्राटदाराचा माणूस, कागद कारखान्याचा सुपरवायझर जे करत होते, ते सगळं आता गावाने करायचं. लिलावाची जाहिरात, करारनामा, वजन, नोंदवही, परवाना, बँकेतलं खातं, ऑडिट, आयकर, व्यवस्थापन आराखडा. गावातल्या म्हाताऱ्यांना जंगल पाठ असतं, पण यातली बरीच कामं कागदावरची. इथे अचानक बारावी झालेल्या मुलाची किंवा मुलीची गरज पडते. माझ्या मते तरुणांच्या सहभागाचा अभ्यास इथून सुरू व्हायला हवा. तरुणांची जंगलाबद्दलची ‘मनोवृत्ती’ मोजण्याआधी ग्रामसभेकडे कोणती कामं आली आणि ती कोणाच्या हातात गेली, हे बघा.

तेंदूचं उदाहरण सविस्तर घेते, कारण पैसा तिथे येतो.

तेंदू म्हणजे विडीचं पान, डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपांची खुटकटाई करतात, म्हणजे जमिनीलगत छाटणी. साधारण दीड महिन्याने कोवळी, मऊ, एकसारखी पानं येतात. एप्रिलच्या शेवटापासून मे महिन्यात तोडणी. पहाटे अंधारात घरची सगळी माणसं जंगलात, उन्हं चढेपर्यंत परत. दुपारी सावलीत बसून पुडे बांधायचे, महाराष्ट्रात एका पुड्यात 70 पानं. संध्याकाळी पुडे फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर न्यायचे, मोजून द्यायचे. मग ते उन्हात ओळीने मांडणं, पलटवणं, वाळले की पोत्यात भरणं. एक हजार पुड्यांची एक स्टँडर्ड बॅग. म्हणजे एका बॅगेत 70,000 पानं, एकेक करून खुडलेली. समजा एका घराने दिवसाला दीडशे पुडे आणले, तर ती 10,500 पानं झाली. हे आकडे वहीत एकदा लिहून बघा, म्हणजे ‘गौण’ वनोपज या शब्दाचं हसू येईल.

फळीवर रोज संध्याकाळी एक माणूस वही घेऊन बसतो. कोणाचे किती पुडे, किती बाद. कंत्राटदाराच्या काळात हा माणूस कंत्राटदाराचा. पुडा सैल आहे, पान फाटकं आहे, असं म्हणून तो किती पुडे बाद करेल त्यावर घराची मजुरी ठरायची. ग्रामसभा स्वतः विक्री करते तिथे ही वही गावातल्याच कोणाकडे येते. लक्षात घ्या, त्या मुलाला कोणी नेतृत्व विकासाचं शिबिर दिलेलं नसतं. पण तो सलग दोन-तीन आठवडे, रोज, सगळ्या गावासमोर मोजतो. काकांचे पुडे बाद करायचे की नाही हे त्याला काकांच्या तोंडावर सांगावं लागतं. हंगाम संपल्यावर त्याची वही, कंत्राटदाराची वही आणि बँकेत आलेली रक्कम जुळली नाही तर ग्रामसभेत उभं राहून उत्तर द्यावं लागतं. शिबिरातल्या फोटोपेक्षा या वहीत नेतृत्वाचा पुरावा जास्त सापडतो.

म्हणून माझा आग्रह आहे की प्रश्नावलीआधी नोंदवह्या वाचा. गेल्या पाच वर्षांत फळीवर कोण बसलं? तेच ते एक-दोन जण की दरवर्षी नवे? बँकेच्या खात्यावर सही कोणाची? लिलावाच्या बोलणीला कोण गेलं? परवान्यावर कोणाचं नाव? ग्रामसभेच्या ठरावावर सूचक कोण, अनुमोदक कोण? ही माहिती ‘होय, नाही, सांगता येत नाही’ अशा उत्तरांपेक्षा कितीतरी भक्कम असते. शिवाय ती आधीच लिहिलेली असते, तुमच्या विचारण्याने बदलत नाही.

यात एक गोम आहे. वही वाचता येणारा एकच मुलगा असेल तर गाव कंत्राटदाराच्या तावडीतून सुटून त्या मुलाच्या तावडीत जाऊ शकतं. तो प्रामाणिक असला तरी. शिकलेल्या तरुणाच्या हाती हिशेब आला म्हणजे लोकशाही आली, असं समजून चालू नका. मेंढ्यात यावर एक जुना उपाय आहे: अभ्यासगट. विषय समजून घ्यायला लोक एकत्र बसतात, बाहेरच्या जाणकाराला बोलावतात, वाद घालतात, पण तिथे निर्णय करत नाहीत. निर्णय ग्रामसभेतच आणि तोही सर्वसहमतीने. माहिती आधी सगळ्यांची होते, मग ठराव येतो. वेळखाऊ आहे, अगदी कंटाळा येईल इतका. पण कागद कळणारी माणसं आणि न कळणारी माणसं यांच्यातलं अंतर त्याने कमी होतं. तुमच्या अभ्यासात हे अंतर मोजायची एक साधी युक्ती सांगते. लिखापढी न करणाऱ्या पाच-सहा घरांत जाऊन विचारा, यंदा आपली पानं काय भावाने गेली, बॅगा किती झाल्या, पैसे किती यायचे राहिले. उत्तरं वहीशी ताडून बघा. आणि विचारताना त्यांची भाषा वापरा. गोंडी किंवा माडिया येत नसेल तर दुभाषा घ्या, पण हिशेब लिहिणाऱ्यालाच दुभाषा करू नका!

‘शाश्वत’ म्हणजे किती?

हा आपल्या, म्हणजे विज्ञानवाल्यांच्या, अंगणातला प्रश्न. आराखड्यांत ‘शाश्वत’ हे विशेषण मिठासारखं सगळीकडे भुरभुरलेलं असतं. पण एखादं जंगल टिकतंय की संपतंय हे बघण्याच्या सरळ पद्धती आहेत आणि बारावी झालेल्या कोणालाही त्या दोन दिवसांत शिकवता येतात.

मोहाचं झाड घ्या. मार्च-एप्रिलमध्ये फुलं रात्रीतून गळतात, पहाटे वेचतात. खाली पालापाचोळा असला की फुलं दिसत नाहीत, म्हणून काही ठिकाणी झाडाखालचा पाला जाळतात. आग पसरली तर मोठ्या झाडाला फारसं काही होत नाही, रोपं मात्र जातात. बिया तेलासाठी वेचल्या जातात, उरलेल्या रोपांवर गुरं चरतात. परिणाम असा की मोहाचं उत्पन्न वर्षानुवर्षं व्यवस्थित दिसतं आणि तरी ते संपत चाललेलं असू शकतं. हे ओळखायचं कसं? सर्व झाडांचा घेर जमिनीपासून 1.37 मीटरवर टेपने मोजायचा, गट पाडायचे आणि प्रत्येक गटात किती झाडं ते कागदावर मांडायचं. निरोगी संख्येत बारीक झाडं खूप, मध्यम त्याहून कमी, जाड थोडी असा उतरता जिना दिसतो. जिन्याच्या खालच्या पायऱ्याच गायब असतील, फक्त आजोबांच्या वयाची झाडं असतील, तर पुढच्या पिढीत फुलं वेचायला काही उरणार नाही. हा आलेख ग्रामसभेच्या भिंतीवर लावला की समजावून सांगावा लागत नाही. गावातल्या मुलांनी मोजलेला असेल तर त्यावर भांडणही गावातच होतं आणि ते चांगलंच.

बांबूचंही तसंच. इथला मुख्य बांबू डेन्ड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस. बेटातले जुने, पक्के बांबू काढायचे, नवे राखायचे आणि त्याच बेटाकडे तीन वर्षांनी परत यायचं, हा रूढ नियम. पण भाव चांगला असला की काठचे कोवळे बांबूही सोपे म्हणून तोडले जातात. पावसाळ्यात वास्ते भाजीला किती काढायचे हाही प्रश्न असतोच. कोणत्या भागात यंदा तोड, कोणत्या भागात बंदी, हे नकाशावर आखणं आणि बेटं मोजणं हे जीपीएस वापरणाऱ्या तरुणांचं काम. बेट म्हातारं झालंय की नाही हे मात्र काठीने ठोकून सांगणारा माणूस साठीचा असतो. दोघांना एकत्र फिरवा. मोजणीच्या पथकात एक म्हातारा माणूस असावा, ही अट मी तरी सोडणार नाही.

आणि आता या विषयातलं मला सगळ्यात मोलाचं वाटणारं उदाहरण. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव नावाचं गाव आहे. 2012 साली सुमारे एक हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबूची विक्री ग्रामसभा स्वतः करते. या गावाने तेंदूपान तोडणी बंद करायचं ठरवलं. कारण असं की पानासाठी झुडपं छाटावी लागतात, आगी लावल्या जातात, आणि तेंदूला फळं धरत नाहीत. ती फळं माणसं खातात, पाखरं खातात. बांबूतून रोजगार मिळत होता म्हणून हे परवडलं, हेही खरंच. पण जिथे तेंदू हा हंगामाचा मोठा रोख पैसा आहे तिथे हा निर्णय किती अवघड असेल याची कल्पना करा. आपल्या कोणत्याही निर्देशांकात हे गाव त्या वर्षी ‘तेंदूपासून उत्पन्न: शून्य’ असं दिसेल. तुमची उत्तरसूची अशी आखा की एखादी गोष्ट न तोडण्याचा निर्णयही तिच्यात नोंदवता येईल.

युवक म्हणजे कोण?

बहुतेक सर्वेक्षणांत 15 ते 29 वयाचे ‘युवक’ घेतात आणि नमुन्यात मुलगेच जास्त येतात. मुली कुठे गेल्या? एकोणीस-वीस वर्षांची मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली असते. आईबरोबर दहा वर्षं ज्या जंगलात फिरून ती कंद आणि भाज्या ओळखायला शिकली, त्या जंगलावर तिच्या माहेरच्या ग्रामसभेचा हक्क. सासरी तिला जंगल नवं, वाटा नव्या आणि ग्रामसभेत बोलायची सवय नाही. सर्व्हे करणारा तिला ‘विवाहित महिला’ या रकान्यात टाकतो, ‘युवक’ मध्ये नाही. वनहक्काच्या नियमांप्रमाणे ग्रामसभेच्या गणपूर्तीला किमान निम्मे सदस्य हवेत आणि उपस्थितांत किमान एक-तृतीयांश महिला. हजेरीपटावर ती असते. पण बोलली का? सून म्हणून आल्यावर पहिल्यांदा बोलायला तिला किती वर्षं लागली? तोडणी-वेचणीतलं मोठं काम बायकांचं असताना फळीवरची वही तिच्याकडे कधी आली? यावर एक आख्खा प्रबंध उभा राहू शकतो. कोणी घेत असेल तर मला जरूर कळवा.

दुसरा मुद्दा स्थलांतराचा. माझं मत इथे थोडं वेगळं आहे. ‘तरुण गावात राहिला’ हे यशाचं मोजमाप मानू नका. तेंदूचा हंगाम दोन-तीन आठवड्यांचा. मोह महिनाभराचा. बांबूचं काम पावसाळा सोडून, तेही जिथे बांबू आहे तिथेच. भाव एका वर्षी चढतो, दुसऱ्या वर्षी कोसळतो. काही वेळा पैसे कंत्राटदाराकडे अडकतात. एवढ्यावर वर्ष निघत नाही, म्हणून लोक भात कापून झाला की मिरची तोडायला तेलंगणात जातात. मुलं पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावतात. त्यात चूक काय? तेंदूच्या पैशातून बहिणीची फी भरून ती नर्सिंगला गेली असेल तर ती ‘गळती’ आहे का? उलट असंही होतं की बाहेर राहून आलेला मुलगा करारनाम्यातली मेख पटकन ओळखतो. तेव्हा विचारायचं असेल तर हे विचारा की हंगामात कोण परत येतं, कशासाठी येतं आणि गेलेल्याचं काम मागे कोण करतं. आणि जंगल सगळ्या तरुणांना बारमाही रोजगार देईल असं गृहीत धरून आराखडा लिहू नका. तसा दबाव टाकला तर बांबूचं तीन वर्षांचं चक्र दोन वर्षांवर यायला वेळ लागत नाही.

बऱ्याच माडिया-गोंड गावांत तरुणांची स्वतःची एक संस्था होती, गोटुल. मानववंशशास्त्राच्या जुन्या लिखाणात तिच्याबद्दल नको तितकं कुतूहल दिसतं. पण कामं वाटून घेणं, मोठ्यांकडून शिकणं, धाकट्यांना शिकवणं ही शाळा तिथेच होती. तरुणांना ‘संघटित’ करायला आपण पहिल्यांदाच चाललोय असा सूर आराखड्यात नको, एवढ्यासाठी सांगितलं.

शेवटी थोडं व्यवहाराचं. गावात अभ्यास करायचा तर परवानगी ग्रामसभेची घ्या. सरपंचाची सही पुरेशी नाही, कारण गटग्रामपंचायतीत अनेक गावं असतात आणि वनहक्क त्या त्या गावाच्या ग्रामसभेचा असतो. सोबत मोजणी करणाऱ्या तरुणांना रोजाने पैसे द्या आणि ती रक्कम प्रकल्पाच्या बजेटमध्ये आधीच लिहा. कोण येणार हे ग्रामसभेला ठरवू द्या, आणि त्यात मुली असाव्यात असं सुरुवातीलाच बोलून घ्या. औषधी वनस्पती नेमकी कुठे सापडते, देवस्थान कुठे आहे, या नोंदी गावाच्या जैवविविधता नोंदवहीत राहू द्या. प्रबंधात अक्षांश-रेखांशासकट छापू नका. जैवविविधता कायदा 2002 पासून आहे, गाईडला विचारून एकदा वाचून घ्या. मोजणीची प्रत मराठीत, छापील, ग्रामसभेला द्या, त्यांच्या व्यवस्थापन आराखड्यात चिकटवता येईल अशी.

आणि वेळापत्रक. पीएचडीची नोंदणी बहुधा पावसाळ्यात होते, कोर्सवर्क संपेपर्यंत मार्च उजाडतो आणि मग लोक घाईने फील्डवर निघतात. तोवर खुटकटाई होऊन गेलेली असते आणि लिलावाची बोलणीसुद्धा. पहिला हंगाम गेला की पुढचा थेट एका वर्षाने. म्हणून परवानगीचं पत्र दिवाळीच्या आसपासच्या ग्रामसभेत ठेवायचा प्रयत्न करा. डिसेंबर-जानेवारीत भात निघालेला असतो, लोकांना बोलायला सवड असते, झाडांचे घेरही तेव्हाच मोजून होतात. मे महिन्यात फळीवर जाल तेव्हा प्रश्न विचारू नका, कोणालाही वेळ नसतो. पुडे मोजायला मदत करा.